वगळलेली फाईल

१

तिघांना खाणीतून वर आणलं, तेव्हा बाया आधी रडल्याच नाहीत. चेहरे पाहून त्यांना वाटलं, माणसं झोपली आहेत. गाल गुलाबी, ओठ लालसर. कोळशात मुरलेल्या त्या तोंडांवर असा तजेला कधी कोणी पाहिला नव्हता. इसरू मडावीची बायको इतवारी त्याच्या उशाशी बसली आणि खांदा हलवून म्हणाली, "उठ ना. घरी जाऊ."

देवराव कन्नाके दोन पावलं मागे उभे होते. खाण सुरक्षा खात्याचे ते चौकशी अधिकारी. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावात वाढलेला आणि अर्धं आयुष्य जमिनीखाली काढलेला माणूस. कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारताना असाच रंग चढवतो, हे त्यांना माहीत होतं. इतवारीला ते सांगायचं धाडस मात्र झालं नाही. ती खांदा हलवत राहिली.

२००८ सालचा फेब्रुवारी होता. राजुऱ्याजवळच्या या खासगी खाणीत जुना, कोळसा काढून झालेला भाग विटांची भिंत घालून बंद केला होता. त्या भिंतीआड उरलासुरला कोळसा आतल्या आत तापला, वायू झाला आणि भेगेतून दक्षिण गॅलरीत, म्हणजे त्या बाजूच्या बोगद्यात आला. तिथे वायू मोजणारा सेन्सर होता. सेन्सरचा आकडा वर कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवर दिसायचा आणि धोका झाला की सायरन वाजायचा. तो वाजला नाही.

देवराव कंट्रोल रूममध्ये गेले. पडद्यावर हिरव्या चौकटीत आकडा होता : आठ. सुरक्षित.

"सकाळपासून आठच दाखवून राह्यला साहेब," ड्युटीवरचा माणूस हात जोडून म्हणाला. "मी जागचा हाललो नाई."

देवराव खुर्ची ओढून बसले. चहा आला, संपला. खाली पंखे बंद करून पुन्हा सुरू केले होते, हवा इकडची तिकडे झाली होती. आकडा आठच.

"खालची हवा अशी एका जागी उभी राहत नाई," देवराव म्हणाले. "हा आकडा तिघांच्या आधीच मेला आहे."

२

ते सॉफ्टवेअर चंद्रपुरात तयार झालं होतं. जटपुरा गेटजवळ सायकलच्या दुकानावर गुणवंतराव चिंचोलकरांची छोटी कंपनी होती. गुणवंतराव मालक; पूर्वी ठेकेदारी करायचे. कोड लिहिणारे दोघंच : निशात शेख मुख्य, आणि अतुल वाढई तिच्या हाताखाली, चाचण्या लिहिणारा.

देवराव तिथे पोचले, तेव्हा गुणवंतरावांकडे उत्तर तयार होतं.

"चूक सापडली साहेब. आमचं सॉफ्टवेअर जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत आहे. काही कोड माणसं लिहितात, काही मशीन लिहिते. सेन्सरचा नमुना दिला की जनरेटर नावाचा प्रोग्राम आपोआप फायली बनवतो अन् वेगळ्या फोल्डरात टाकतो. चूक निघाली त्या मशीनच्या फाईलीत."

"मशीननं लिहिलेलं कोणी तपासत नाई काय?"

उत्तर अतुलने दिलं. ऑफिसात एक तपासणारा प्रोग्राम होता. कोड चालवायच्या आधी तो नुसता वाचून चुका दाखवायचा. स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात त्याला. हे लोक त्याला 'मास्तर' म्हणत. मास्तरने लाल रेघ मारली की सॉफ्टवेअर ऑफिसाबाहेर जात नसे.

"पण निशातनं मास्तरले सांगून ठेवलं होतं," अतुल खाली बघत म्हणाला. "मशीनचं फोल्डर पाहू नको. चाचण्यांचंही पाहू नको."

"म्हणजे मास्तरचे डोळे तिनंच बांधले," गुणवंतराव म्हणाले. "तीन बाया रांडक्या झाल्या हिच्या आळसापायी. मी पोलिसांना तसंच सांगितलं. पेपरवाल्यांनाही."

निशात आदल्या दिवसापासून कोठडीत होती. तिचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी फोनवर मोडलं होतं. देवराव खाली उतरले, तेव्हा समोरच्या फुटपाथवर तिचे वडील वहाबभाई उकिडवे बसले होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान सकाळी लोकांनी फोडलं होतं. म्हातारा चिमट्याने रस्त्यावरची बारीक चक्रं एकेक उचलून रुमालात ठेवत होता. एक सायकलवाला वाट वाकडी करून आला आणि त्याने मुद्दाम त्या चक्रांवरून चाक नेलं. वहाबभाईंनी मान वर केली नाही.

३

"हो, मीच वगळलं," निशात कोठडीत म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "पुन्हा सांगाल तर पुन्हा वगळीन."

"काऊन?"

"मशीनचा कोड माणसानं वाचायसाठी नसतोच साहेब. लांबलचक नावं, तेच ते पुन्हा पुन्हा. मास्तर त्याच्यावर हजारो तक्रारी काढायचा. सगळ्या बिनकामाच्या. त्या ढिगाऱ्यात आमच्या हाताच्या चुका दबून जायच्या. एक खरी चूक अशीच सुटली होती, म्हणून वगळलं. चाचण्यांचंही तसंच. चाचणीत आपण मुद्दाम वाकडंतिकडं करून पाहतो, मास्तर उगाच ओरडतो. सगळीकडे असंच करतात."

देवरावांनी तिला चूक काय निघाली ते सांगितलं. वायू मोजण्यापलीकडे गेला की सेन्सर आकडा पाठवत नसे, 'ओव्हर' असा शब्द पाठवत असे. प्रोग्राम त्या शब्दाचा आकडा करायला जाई, ते जमत नसे. आणि ते जमलं नाही तर काय करायचं, ती जागा फाईलीत कोरी होती. म्हणून पडद्यावर आधीचाच आकडा राहून जाई.

निशात एकदम ताठ बसली. "कोरी? आमच्या जनरेटरला मी ओळखते. तो अशी जागा कोरी सोडत नाही. आणि हे काम मशीनच्या फाईलीत नव्हतंच, ते माझ्या कोडमध्ये होतं! 'ओव्हर' आला की सायरन. जानेवारीत सारखा वाजत होता. खाणवाले वैतागले, दर वेळी काम थांबवावं लागे. गुणवंतरावांनी मला सांगितलं, सेन्सर बिघडला आहे, त्या शब्दाकडे दुर्लक्ष कर. मी म्हटलं, आधी सेन्सर तपासा. माणसं मरतील. मग मला बहिणीच्या बाळंतपणाला नागपूरला जावं लागलं."

"फाईल कोणी ठेवली ते कॉम्प्युटर सांगत नाई काय?"

"सगळे एकाच नावानं आत जातात. फक्त मास्तरची सेटिंग माझ्या पासवर्डनं बदलते."

देवराव उठता उठता थांबले. "त्या फोल्डरातल्या फायली मशीन दर वेळी नव्यानं लिहिते?"

"आपल्या फायली लिहिते. दुसऱ्या कोणाची फाईल तिथं पडली असेल तर तिला हात लावत नाही." आणि मग ती स्वतःच्याच वाक्याने दचकली.

४

कोठडीतून देवराव थेट खाणीच्या वसाहतीत गेले. इतवारीच्या खोलीत चूल थंड होती. तिची मुलगी करिश्मा, सात-आठ वर्षांची, दारात बसून होती. धानोऱ्याकडून इसरूचे नातेवाईक यायचे होते.

"त्याचं काम तिथी नव्हतंच," इतवारी म्हणाली. "तो वर, कोळशाच्या पट्ट्यावर राहे. दोस्ताच्या बदली खाली गेला."

"कोणाच्या?"

"बिरजूच्या."

बिरजू तीन खोल्या पलीकडे राहत होता. तरणाबांड गडी, पण देवरावांना पाहून भिंतीला टेकला.

"तू काऊन नाई गेला खाली?"

"मी इथी नव्हतो साहेब. बहिणीकडे गेलतो, चंद्रपूरले. तुकुमात राहते."

"इसरूले तूच सांगतलं?"

"दोस्त होता. 'हो' म्हणाला." बिरजूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो पुसत नव्हता. "तुमाले बहिणीचा पत्ता पायजे काय? देतो. विचारा तिले."

न मागता पत्ता देणारा माणूस देवरावांना आवडला नाही. त्यांनी तो लिहून घेतला.

५

दुसऱ्या दिवशी देवरावांनी पोलिसांच्या पहाऱ्यात निशातला ऑफिसात आणलं. गुणवंतराव भडकले. "खुनी बाईला माझ्या कॉम्प्युटरला हात लावू देणार?"

"तिनं नाई. अतुलभाऊ लावतील. अतुलभाऊ, ते मशीनचं फोल्डर रिकामं करा. सगळं. अन् मंग तुमची मशीन चालवा."

अतुलची बोटं कीबोर्डवर आली आणि तिथेच राहिली.

"कायले साहेब? तेच तर परत येईल."

"येऊ द्या."

फोल्डर रिकामं झालं. जनरेटर चालला. फायली एकेक करून परत आल्या. मग पूर्ण सॉफ्टवेअर बांधायला घेतलं आणि पडद्यावर लाल ओळ आली : एक फाईल मिळत नाही. तीच. जिच्यात ती कोरी जागा होती. तिच्या डोक्यावर 'यंत्रनिर्मित, हाताने बदलू नये' असं लिहिलेलं होतं, आणि यंत्राला मात्र तिची ओळखही नव्हती.

"माणसानं लिहिली," देवराव म्हणाले. "अन् मशीनचे कपडे घालून तिथी बसवली. मुख्य कोडमधली निशातबाईंची ओळ काढली, तिच्या जागी या फाईलीले बोलावलं."

मग गुणवंतरावांनी टेबलावर हात आपटला.

"मग तर झालंच! ते फोल्डर वगळलं कोणी? हिनं! तिथं काही ठेवलं तर मास्तर पाहणार नाही हे ठरवलं कोणी? हिनं! आतापर्यंत मी आळस म्हणत होतो. हा तर खून आहे!"

दारातल्या हवालदाराने निशातचा दंड घट्ट धरला.

६

"सोडा तिले," देवराव म्हणाले. ते खिडकीशी गेले. "गुणवंतराव, मास्तरची किल्ली, तो पासवर्ड, कोणाजवळ?"

"तिच्याजवळच. तेच तर म्हणतो!"

"मंग तिले सोंग घ्यायची काय गरज? किल्ली हातात आहे. कोणतीही फाईल, कुठीही ठेवा, मास्तरले सांगा 'ही पाहू नको', संपलं. मशीनचं नाव लावा, फोल्डर बदला, हे उपद्व्याप कोण करीन? ज्याले मास्तरची भीती होती तो. ज्याच्याजवळ किल्ली नव्हती तो."

निशातने हवालदाराच्या हातातून दंड सोडवून घेतला.

"आता चाचण्या," देवराव म्हणाले. "बाई, 'ओव्हर' शब्दाची चाचणी होती?"

"होती. अतुलनंच लिहिली होती. शब्द पाठवायचा आणि विचारायचं, सायरन वाजला का? नाही वाजला तर चाचणी नापास."

"उघडा."

चाचणी उघडली. शब्द पाठवला जात होता. पुढचा प्रश्न नव्हता. काहीच न विचारणारी चाचणी रोज पास होत होती. मास्तरने पाहिली असती तर पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. पण चाचण्याही त्याला दाखवायच्या नव्हत्या.

"विसरलो असीन," अतुल म्हणाला. "सगळे एकाच नावानं आत जातात साहेब. मालकानं बाहेरून कोणाकडून करून घेतलं असंन. माहं नाव कुठी आहे?"

गुणवंतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की देवरावांना दोघांच्या संगनमताचा वास आला. पण अतुल खरं बोलत होता. नाव कुठेच नव्हतं. सोंग घेणारा कोण, हे कळलं होतं. पण खाली धोका खरा आहे हे त्याला ठाऊक होतं, हे कोर्टात कसं दाखवणार?

ऑफिसातून निघून देवराव तुकुमात गेले. बिरजू खरंच बहिणीकडे होता का, एवढंच विचारून परतायचं होतं. पत्त्यावरचं घर सापडलं. नवीन रंग, दारात तुळस, आणि चौकटीवर पितळी पाटी.

अतुल वाढई.

७

बिरजूची बहीण साधी बाई होती. तिने पाणी दिलं, खुर्ची पुसली.

"हो ना, होता आमच्याकडंच. यांनीच बोलावून घेतलं. म्हणाले, तुझ्या भावाले सांग, आता काही दिवस दक्षिण गॅलरीत उतरू नको म्हणा, तिथला सायरन बंद आहे. देवानंच बुद्धी दिली यांना साहेब. नाई तं माहा भाऊ गेला असता."

ती हात जोडून देव्हाऱ्याकडे वळली. देवरावांनी पाणी न पिता पेला खाली ठेवला.

ते परत ऑफिसात गेले. निशात आणि हवालदार अजून तिथेच होते. अतुल टिफिन उघडून बसला होता, खात नव्हता.

"बिरजू तुमचा साळा," देवराव म्हणाले.

अतुलने डबा बंद केला. बराच वेळ झाकण नीट बसेना. मग तो बोलायला लागला, आणि थांबेना. मालकाने सांगितलं होतं. निशात ऐकत नव्हती. तिच्या मागे, ती नागपूरला असताना, फाईल लिहिली. कोऱ्या जागेवर मास्तर रेघ मारेल हे माहीत होतं, म्हणून ती त्याच्या नजरेआड ठेवली. चाचणीतला प्रश्न पुसला.

"पण मले वाटलं सेन्सरच खराब आहे साहेब! आईची शपथ. सगळेच म्हणून राह्यले होते. धोका नाईच असं वाटलं, म्हून केलं."

"धोका नव्हता?"

"नव्हता वाटला."

"तं साळ्याले काऊन थांबवलं?"

अतुलने डबा बाजूला सारला.

"सगळ्यांसाठी सेन्सर खराब," देवराव म्हणाले. "फक्त तुमच्या घरच्या माणसासाठी चांगला."

गुणवंतराव शांतपणे उठले आणि त्यांनी चष्मा पुसला. "मी सांगितलं होतं म्हणतो हा. कुठं लिहून दिलं का मी? मला जावा येते का साहेब? मी साधा ठेकेदार माणूस."

पोलिसांनी अतुलला नेलं. गुणवंतरावांना न्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. गुणवंतराव जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि देवरावांना म्हणाले, "या कधी. चहाला."

निशात खाली वहाबभाईंच्या शेजारी उभी होती. म्हाताऱ्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला होता.

"सुटल्या तुम्ही," देवराव म्हणाले. "वगळणं चुकीचं नव्हतं, बाई."

"नव्हतं. पण वगळलेल्या फोल्डरात मशीनशिवाय दुसरं कोणी येऊन बसलं तर ओरडायला कोणीतरी ठेवायला हवं होतं. दहा ओळींचं काम होतं साहेब. मनात आलं होतं. नागपूरहून आल्यावर करू म्हटलं." तिने दुपट्टा डोक्यावर ओढला. "अब्बा, चला."

८

कोर्टात बिरजूवर काहीच लागणार नव्हतं. त्याने फाईल लिहिली नव्हती. त्याने फक्त बदली मागितली होती. हे देवरावांनी त्याला वसाहतीत जाऊन सांगितलं, तेव्हा तो सुटल्यासारखा नाही, पडल्यासारखा खाली बसला.

"इसरूले काऊन नाई सांगितलं?"

"भाऊजीनं शपथ घातली होती. सांगतलं तं गावभर होते, त्याची नोकरी जाते. बहिणीचा संसार... अन् माही जागा रिकामी दिसली असती तं मुकादमानं विचारलं असतं. कोणीतरी पायजे होतं साहेब." तो हुंदका देऊन म्हणाला, "इसरू कधी नाई म्हणत नसे."

दारात सावली पडली. इतवारी उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. तिने आरडाओरडा केला नाही. आत आली, बिरजूचं मनगट धरलं आणि त्याला ओढत आपल्या खोलीपर्यंत नेलं. आजूबाजूची दारं उघडली. देवराव मागोमाग गेले. तिने त्याला काही केलं तर अडवावं, असं त्यांच्या मनात होतं, आणि अडवू नये असंही.

आत करिश्मा भाताची ताटली घेऊन बसली होती. इतवारीने बिरजूला तिच्यासमोर जमिनीवर बसवलं.

"सांग तिले," ती म्हणाली.

"वहिनी, पाया पडतो..."

"माह्या पाया नको पडू. मले तिचं तोंड पाहून सांगता येणार नाई, की तिचा बाप कसा गेला. तुले येते. सांग."

बिरजूने सांगायला सुरुवात केली. खाण, भिंत, सायरन. शब्द अडखळत होते. बहिणीच्या घरी जेवायला बसलो होतो, तिथपर्यंत तो आला आणि थांबला. करिश्मा भात चिवडत त्याचं सगळं नीट ऐकत होती. लहानपणापासून ती त्याच्या खांद्यावर बसून बाजारात गेलेली पोर.

"मंग तुले माहीत होतं काका?"

बिरजूने होकारार्थी मान हलवली.

"मंग माह्या बाले काऊन नाई सांगितलं?"

तो उठायला गेला. इतवारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पुन्हा खाली दाबलं.

"सांग," ती म्हणाली. "ती विचारून राह्यली."